पेटंट ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

कर्करोगावरील एखाद्या औषधाची एका महिन्याची किंमत कामगाराच्या वर्षभराच्या मजुरीहून अधिक का, असा प्रश्न केला की एकच उत्तर मिळते: ‘त्या औषधावर पेटंट आहे.’ बहुतेक वेळा चर्चा तेथेच संपते. रुग्णाचे नातेवाईक गप्प होतात, डॉक्टर आपला नाइलाज सांगतात आणि युनियनच्या कचेरीतील कार्यकर्ताही ‘हा विषय वकिलांचा’ असे म्हणून तो बाजूस ठेवतो. पेटंट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, ती कोणालाही पुसता यावयाची नाही, अशी एक समजूत जनमानसात रुजवण्यात आली आहे. मक्तेदारी भांडवलाला ही समजूत सोन्याच्या खाणीइतकी मोलाची वाटते. कारण ज्या हक्काला कोणी आव्हानच देत नाही, त्याच्या रक्षणासाठी फारसा खर्च करावा लागत नाही.

परंतु ही समजूत साफ खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचे भांडवली राज्याचा कायदाच सांगतो. सरकारी मराठीत पेटंटाला ‘एकस्व’ म्हणतात. नव्या शोधाच्या बदल्यात शोधकाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपुरता दिलेला एकट्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. मात्र भारतीय पेटंट कायद्याच्या कलम १३(४) मध्ये स्पष्ट नमूद आहे की, नियंत्रकाने अर्जाची तपासणी केली म्हणून पेटंट वैध असल्याची कोणतीही हमी मिळत नाही. म्हणजे पेटंटाचा कागद हाती पडला तरी तो एक दावाच राहतो. तो दावा मंजुरीपूर्वी अडवता येतो, मंजुरीनंतर उलथवता येतो, त्याची व्याप्ती छाटता येते आणि सार्वजनिक हितासाठी सरकारला तो रद्दही करता येतो. हे दरवाजे कोणते, ते कोणाला उघडता येतात आणि ते आज कोण बंद करू पाहत आहे, हे समजून घेणे हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

कायद्यातील दरवाजे कसे आले

ब्रिटिश राजवटीने १९११ साली केलेला पेटंट व डिझाइन कायदा स्वातंत्र्यानंतरही दोन दशके चालू राहिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सादर केलेल्या अहवालात त्या कायद्याचे खरे स्वरूप उघड झाले. देशातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांच्या मालकीची होती आणि त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात प्रत्यक्ष वापरच होत नव्हता. उत्पादनासाठी घेतल्याचे सांगितले जाणारे पेटंट वस्तुतः उत्पादन रोखण्यासाठी घेतले जात होते. भारतीय बाजारपेठ परकीय मालासाठी राखून ठेवण्याचे ते एक साधन होते.

१९७० चा पेटंट कायदा या पार्श्वभूमीवर आला आणि २० एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. त्याने औषधे व अन्नपदार्थ यांच्यावर वस्तूचे पेटंट नाकारले. केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट ठेवले आणि त्याची मुदतही जास्तीत जास्त ७ वर्षांवर आणली. या कायद्याच्या आधारे आणि पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या सार्वजनिक कारखान्यांनी घातलेल्या पायावर देशात स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या बौद्धिक संपदा कराराने हा पाया उखडण्यास सुरुवात केली. १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पुन्हा वस्तूचे पेटंट देणे भारतावर बंधनकारक झाले. त्याच्या पूर्वसंध्येस, डिसेंबर २००४ मध्ये, सरकारने वटहुकूम काढला. मंजुरीपूर्वी विरोध करण्याचा हक्क त्या वटहुकमाने थोड्या कारणांपुरता मर्यादित केला होता. त्या वेळी लोकसभेत डाव्या पक्षांचे सुमारे ६० सभासद होते आणि त्यांच्या बाहेरून मिळणाऱ्या पाठिंब्यावर सरकार टिकून होते. संसदेतील डाव्या सभासदांचा आग्रह आणि रुग्णसंघटना व लोकविज्ञान चळवळ यांचे रस्त्यावरील आंदोलन यांच्या संयुक्त रेट्याने मार्च २००५ मध्ये विधेयक बदलावे लागले. मंजुरीपूर्व विरोधाची सर्व कारणे परत आली आणि कलम ३(डी) अधिक कडक झाले. ज्ञात औषधाचे नुसते नवे रूप, म्हणजे नवा क्षार किंवा नवा स्फटिक, पुढे करून त्यावर पुन्हा पेटंट मागता येणार नाही, त्यासाठी परिणामकारकतेत खरी वाढ दाखवावी लागेल, असे हे कलम सांगते. डाव्यांना वस्तूचे पेटंट रोखता आले नाही. परंतु त्याला आव्हान देण्याची हत्यारे त्यांनी जनतेच्या हाती राखली. पुढील सर्व इतिहास या हत्यारांच्या वापराचा आहे.

पहिला दरवाजा: मंजुरीपूर्वी

पेटंटाचा अर्ज सर्वसाधारणपणे १८ महिन्यांनंतर पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात प्रसिद्ध होतो. प्रसिद्धीनंतर पहिले सहा महिने तरी पेटंट देता येत नाही. या काळात आणि त्यानंतरही प्रत्यक्ष मंजुरी मिळेपर्यंत कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती लेखी विरोध नोंदवू शकते. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती कारखानदार असण्याची गरज नाही. रुग्ण, शेतकरी, संशोधक, कामगार संघटना यांपैकी कोणीही उभे राहू शकते.

विरोधाची ११ कारणे कायद्याने दिली आहेत. शोध दुसऱ्याकडून लबाडीने मिळवला. तो आधीच छापून आला होता. तो आधीच वापरात होता. त्या क्षेत्रातील जाणकाराला तो सहज सुचण्याजोगा होता. कायद्याच्या दृष्टीने तो शोधच नव्हे. त्याचे वर्णन अपुरे आहे. परदेशांतील अर्जांची माहिती दडवली. जैविक सामग्री कोठून आणली हे लपवले. ही त्यांतील मुख्य कारणे होत. आणि सर्वांत शेवटचे कारण असे की, भारतातील किंवा अन्य देशांतील स्थानिक अथवा आदिवासी समाजाला ते ज्ञान, मौखिक स्वरूपात का होईना, आधीपासून उपलब्ध होते. छापील पुस्तकाबाहेरच्या श्रमिक जनतेच्या ज्ञानालाही येथे पुराव्याचा दर्जा आहे.

या दरवाजाने काय साधले, याची दोन उदाहरणे पाहावीत.

रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपावर नोव्हार्टिस या स्विस कंपनीने चेन्नईच्या कार्यालयात पेटंट मागितले होते. मूळ संयुग १९९० च्या दशकाच्या आरंभापासूनच ज्ञात होते. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. देशी कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांना मिळे. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने आणि काही देशी कंपन्यांनी मंजुरीपूर्व विरोध नोंदवला आणि जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने कलम ३(डी) घटनाबाह्य असल्याचा दावा मद्रास उच्च न्यायालयात केला. तो २००७ साली अमान्य झाला. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची क्षमता. पदार्थ अधिक टिकाऊ आहे किंवा सहज विरघळतो एवढ्याने भागत नाही. लक्षावधी रुपयांचे वकील उभे करूनही बलाढ्य कंपनीला या एका कलमापुढे हार खावी लागली.

दुसरे उदाहरण अधिक ताजे आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर ‘बेडाक्विलीन’ हे प्रभावी औषध आहे. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकी कंपनीने त्याच्या एका क्षारावर दुसरे पेटंट मागून मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवण्याचा घाट घातला. त्या अर्जाला २०१९ मध्ये दोन स्त्रियांनी विरोध केला: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघीही क्षयरोगातून वाचलेल्या. दोघींचीही श्रवणशक्ती जुन्या विषारी औषधांनी हिरावून घेतलेली. नवे, कमी घातक औषध इतरांना वेळीच मिळावे एवढाच त्यांचा हितसंबंध होता. २३ मार्च २०२३ रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांचे सामर्थ्य याहून वेगळे सिद्ध करावयास नको.

दुसरा दरवाजा: मंजुरीनंतरचे वर्ष

पेटंट मंजूर झाल्याची प्रसिद्धी झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २५(२) खाली पुन्हा विरोध करता येतो. फरक इतकाच की, येथे ‘हितसंबंधित’ व्यक्तीलाच प्रवेश आहे. म्हणजे त्याच क्षेत्रात संशोधन, उत्पादन वा अन्य कार्य करीत असल्याचे दाखवावे लागते. तीन सदस्यांचे विरोध मंडळ दोन्ही बाजूंचे कागद व पुरावे तपासून शिफारस करते. त्यानंतर सुनावणी घेऊन नियंत्रक तिघांपैकी एक निर्णय देतो: पेटंट आहे तसे कायम, सुधारणा करून कायम, अथवा रद्द. या निर्णयावर पूर्वी एका स्वतंत्र अपील मंडळाकडे दाद मागता येई. २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाल्यापासून अपील उच्च न्यायालयात जाते.

अशा विरोधात जय-पराजय कशावर ठरतो? घोषणांवर नव्हे, तारखांवर. कडुनिंबाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कडुनिंबाच्या तेलापासून पिकांवरील बुरशीनाशक बनवण्याबद्दल युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याला व डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला पेटंट दिले. युरोपात विरोधाची मुदत नऊ महिन्यांची आहे. त्या मुदतीत वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्य माग्दा आल्व्हूट आणि सेंद्रिय शेती चळवळीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी विरोध दाखल केला. कडुनिंब भारतात पुराणकाळापासून वापरतात, हे सर्वांस ठाऊक होते; तरीही तेवढ्या सर्वसाधारण विधानावर निकाल लागला नाही. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर कडुनिंबाच्या अर्काचे असेच प्रयोग उघडपणे झाले होते, हा पुरावा साक्षीनिशी पुढे आला. २००० साली पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. म्युनिकमध्ये चाललेल्या खटल्याचे पारडे सांगली जिल्ह्यातील शेतांनी फिरवले!

हळदीची कथा याच धड्याची दुसरी बाजू दाखवते. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, फेरतपासणीची मागणी केली. घरोघरच्या आया जखमेवर हळद भरतात हे अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने पुरावा म्हणून मोजले नसते. परदेशातील नुसत्या वापराला तेथे स्थान नव्हते, छापील मजकूरच लागे. परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या भारतीय वैद्यक नियतकालिकातील लेखापर्यंत साहित्य होते. १९९७ मध्ये पेटंट कोसळले. कोट्यवधी स्त्रियांच्या हातांचे ज्ञान जेथे निरुपयोगी ठरते आणि एका छापील पानाने काम होते, त्या कायद्याचे वर्गस्वरूप निराळे सांगावयास नको. भारतीय कायद्यातील मौखिक ज्ञानाची तरतूद किती मोलाची आहे, हेही यावरून ध्यानी येते.

सुधारणा: दावा आक्रसतो, फुगत नाही

प्रत्येक वेळी पेटंट संपूर्ण रद्द होतेच असे नाही. संकटात सापडलेला पेटंटधारक बहुधा सुधारणेचा आश्रय घेतो. कलम ५७ खाली तो नियंत्रकाकडे आणि खटला चालू असताना कलम ५८ खाली उच्च न्यायालयाकडे तशी परवानगी मागू शकतो. येथे कलम ५९ ची लक्ष्मणरेषा आहे. सुधारणा केवळ दाव्याचा भाग सोडून देण्यासाठी, चूक दुरुस्त करण्यासाठी अथवा खुलाशासाठी करता येते. आणि सुधारलेला दावा पूर्णपणे मूळ दाव्याच्या कक्षेतच बसला पाहिजे. थोडक्यात, कुंपण आत घेता येते, बाहेर सरकवता येत नाही. मंजुरीनंतर मागितलेल्या महत्त्वाच्या सुधारणेला हितसंबंधितांना तीन महिन्यांत विरोधही करता येतो. चोरवाटेने दावा वाढवण्याचे प्रयत्न येथेच पकडता येतात. म्हणून सुधारणेचे अर्ज निरुपद्रवी समजून दुर्लक्षिणे ही चूक ठरेल.

आव्हानाच्या दडपणाखाली दावा कसा आक्रसतो, हे बासमतीच्या प्रकरणात दिसले. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत २० दाव्यांचे पेटंट मिळाले. त्यांतील व्यापक दावे थेट बासमतीच्या गुणधर्मांवर हात टाकणारे होते. २००० साली भारताच्या कृषी निर्यात विकास प्राधिकरणाने फेरतपासणी मागताच कंपनीने चार दावे आपण होऊन मागे घेतले. पुढे उरलेल्यांपैकीही बहुतेक गेले आणि शीर्षकातील ‘बासमती’ हा शब्दही गेला. कंपनीच्या हाती राहिले ते तिने स्वतः तयार केलेल्या काही विशिष्ट वाणांपुरते. हा पूर्ण विजय नव्हता. परंतु पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याच्या निर्यातीवरची टांगती तलवार दूर झाली.

तिसरा दरवाजा: न्यायालय

एक वर्षाची मुदत उलटली तरी वाट बंद होत नाही. कलम ६४ खाली हितसंबंधित व्यक्ती किंवा केंद्र सरकार उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याचा अर्ज केव्हाही करू शकते आणि त्यासाठी १७ कारणे उपलब्ध आहेत. शिवाय पेटंटधारकाने उल्लंघनाचा दावा लावला, तर प्रतिवादी उलट प्रतिदावा करून त्याचे पेटंटच रद्द करण्याची मागणी करू शकतो. रद्द करण्याचे प्रत्येक कारण हा कलम १०७ प्रमाणे बचावही ठरतो. मात्र एकाच वेळी सर्व दरवाजे ठोठावता येत नाहीत. पवनचक्क्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की, मंजुरीनंतरचा विरोध, स्वतंत्र अर्ज आणि प्रतिदावा यांपैकी एक मार्ग निवडून तोच तडीस न्यावा लागतो.

या संदर्भात मिर्झापूरचा खटला कामगारवर्गाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथील भांड्यांच्या कारखान्यांत भांडे लेथवर एका टोकाला धरून घासून गुळगुळीत करीत. भांडे सुटून उडे आणि कारागिराला इजा होण्याचा धोका असे. भांडे दुसऱ्या बाजूनेही दाबून धरण्याची युक्ती एका पेढीने १९५१ साली आपल्या नावावर पेटंट करून घेतली आणि तीच रीत वापरणाऱ्या दुसऱ्या पेढीवर दावा लावला. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९७८ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, जुन्या अवजारात जाणत्या कारागिराला सहज सुचेल असा फेरफार ही केवळ कारखान्यातील सुधारणा आहे. तिला शोध म्हणता येत नाही. पेटंट रद्द ठरले. कारागिराच्या रोजच्या शहाणपणावर मालकाला मक्तेदारी सांगता येत नाही, हे तत्त्व भारतीय कायद्यात अशा रीतीने एका भांड्याच्या कारखान्यातून आले. पण त्याच खटल्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अंतिम निकाल लागला तो पेटंटाची १६ वर्षांची मूळ मुदत उलटून गेल्यावर! न्यायालयीन लढ्यातील विलंब हा नेहमीच पेटंटधारकाच्या पथ्यावर पडतो. म्हणून मंजुरीपूर्वीचा पहिला दरवाजा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा आहे.

चौथा दरवाजा: सरकारचे अधिकार

काही किल्ल्या केवळ सरकारच्या हाती आहेत. पेटंट अथवा त्याचा वापर राज्याला घातक किंवा जनतेच्या हिताला बाधक आहे असे केंद्र सरकारचे मत झाल्यास, पेटंटधारकाला बाजू मांडण्याची संधी देऊन कलम ६६ खाली ते पेटंट रद्द करता येते. हे कलम शोभेचे नाही. १९९४ मध्ये जनुकीय बदल केलेल्या कापसावरील अ‍ॅग्रासीटस या अमेरिकी कंपनीचे व्यापक पेटंट याच कलमाने रद्द झाले. ही कंपनी कडुनिंबाच्या प्रकरणातील ग्रेस कंपनीचीच होती. २०१२ मध्ये जांभूळ, चंदन इत्यादींपासून मधुमेहावर बनवलेल्या मिश्रणाचे एका भारतीय कंपनीचे पेटंटही असेच गेले.

याखेरीज पेटंट मिळाल्यापासून तीन वर्षांनंतर, औषध परवडणाऱ्या किमतीस मिळत नसेल, जनतेची वाजवी गरज भागत नसेल किंवा शोधाचा भारतात वापर होत नसेल, तर कलम ८४ खाली दुसऱ्या उत्पादकाला सक्तीचा परवाना देता येतो. त्यानंतरही दोन वर्षे परिस्थिती तशीच राहिली तर कलम ८५ खाली पेटंट रद्द करता येते. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून असा पहिला परवाना निघाला. बायर कंपनीचे ‘नेक्साव्हर’ हे कर्करोगावरील औषध महिन्याला २ लाख ८० हजार ४२८ रुपयांस विकले जात होते. नॅटको कंपनीने ते ८,८८० रुपयांस देण्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. परंतु पहिला ठरलेला हा परवाना आजपर्यंत एकमेवच राहिला आहे.

कायद्यात अधिकार असणे आणि राज्यकर्त्यांमध्ये तो वापरण्याची इच्छा असणे यांत किती अंतर असते, ते कोविडच्या महामारीत देशाने पाहिले. ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या साथीने भारत सरकार जिनिव्हा येथे पेटंटांना स्थगिती मागत होते. आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेच सरकार सांगत होते की, देशांतर्गत पेटंट कायद्यातील अधिकार वापरणे त्या टप्प्यावर प्रतिकूल ठरेल. जगापुढे एक मुखवटा आणि देशात मक्तेदारांपुढे नमते, असा हा व्यवहार होता.

देशी भांडवलाचे दुटप्पी रूप

आतापर्यंतच्या लढ्यांत देशी औषध कंपन्यांचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यामुळे त्यांना जनतेच्या हिताचे विश्वस्त समजणे ही घोडचूक होईल. कावीळ ‘सी’ वरील ‘सोफोस्बुव्हिर’ या औषधाचे प्रकरण बोलके आहे. जानेवारी २०१५ मध्ये नॅटकोच्या विरोधावरून गिलिअ‍ॅड कंपनीचा एक अर्ज फेटाळला गेला. उच्च न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठवला. त्याच वर्षी मार्चमध्ये नॅटकोने गिलिअ‍ॅडशी परवान्याचा करार केला आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. देशी भांडवलदार बाजारपेठेतील आपल्या वाट्यासाठी लढतो. वाटा मिळाला की त्याची तलवार म्यान होते. लढा अखेरपर्यंत नेण्याचे कारण रुग्णाला आणि शेतकऱ्याला आहे. म्हणून लढ्याचे सुकाणूही त्यांच्याच संघटनांच्या हाती असावयास हवे.

बंद होऊ लागलेले दरवाजे

हे दरवाजे आपोआप उघडे राहणार नाहीत. १५ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या पेटंट नियमांनी मंजुरीपूर्व विरोधाला शुल्क लावले. विरोध दखल घेण्याजोगा आहे की नाही, हे आधी नियंत्रकाने ठरवावे अशी चाळणीही त्यांनी बसवली. पेटंटाचा देशात प्रत्यक्ष वापर होतो की नाही याचे विवरण पूर्वी दर वर्षी द्यावे लागे. आता ते तीन वर्षांतून एकदा दिले तरी चालते. सक्तीच्या परवान्यासाठी आणि वापराअभावी पेटंट रद्द करण्यासाठी लागणारा पुरावाच यामुळे दुर्मिळ होतो. संसदेत ज्या तरतुदी २००५ साली झुंजून मिळवल्या, त्या नियमांच्या आडवाटेने पोकळ केल्या जात आहेत. त्यासाठी कायदा बदलावा लागला नाही आणि संसदेत फारसा आवाजही उठला नाही.

कार्यकर्त्यांपुढील कामे

पहिले काम पाळतीचे. कोलकाता, दिल्ली, चेन्नई व मुंबई येथील पेटंट कार्यालयांकडे येणारे अर्ज दर शुक्रवारी प्रसिद्ध होतात. वैद्यकीय प्रतिनिधींच्या संघटना, औषध कारखान्यांतील युनियन, किसान सभा व विज्ञान चळवळीतील मित्र यांनी मिळून निदान क्षयरोग, कर्करोग, मधुमेह यांवरील औषधांचे आणि बियाणे-कीटकनाशकांचे अर्ज नियमाने वाचावेत. हे काम वकिलाने करण्याची गरज नाही. रसायनशास्त्राचा एक जाणकार आणि चिकाटीचे दोन कार्यकर्ते ते करू शकतात.

दुसरे काम पुराव्याचे. सांगलीच्या शेतांवरील प्रयोगाची तारीख सांगता आली म्हणून ते पेटंट पडले. शेतकरी, आदिवासी, वैदू आणि कारागीर यांच्याजवळ असलेले ज्ञान दिवस, ठिकाण व साक्षीदारांसह लिहून ठेवणे, शक्य तेथे छापणे, हे आता वर्गलढ्याचेच एक अंग झाले आहे. ज्याची नोंद नाही ते उद्या कोणाच्या तरी नावावर चढेल.

तिसरे काम राजकीय आहे. मंजुरीपूर्व विरोध निःशुल्क व निर्बंधमुक्त करा, वापराचे विवरण दर वर्षी घ्या, जीवरक्षक औषधांच्या बाबतीत सक्तीचे परवाने आणि कलम ६६ यांचा निर्भयपणे वापर करा, या मागण्या कामगार व किसान संघटनांच्या मागणीपत्रांत आल्या पाहिजेत. मुक्त व्यापार करारांच्या वाटाघाटींत कलम ३(डी) वर घाला पडणार नाही, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

साथींनो, कायद्याच्या कलमांनी भांडवलशाही उलथत नाही, हे खरे आहे. ज्ञान हे समाजाच्या श्रमातून निर्माण होते आणि जोवर उत्पादनाची साधने खासगी मालकीची आहेत तोवर ज्ञानावरही खासगी मालकीचा शिक्का बसतच राहणार. परंतु ग्लिव्हेकचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा हजारो रुग्णांचे प्राण स्वस्त औषधाच्या आधारे टिकून राहिले. बेडाक्विलीनचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा चार वर्षांची मक्तेदारी टळली. आजारी कामगाराला क्रांतीपर्यंत वाट पाहता येत नाही. त्याच्यासाठी हे दरवाजे आज उघडे ठेवणे आणि ते उघडताना मक्तेदारीचे खरे रूप जनतेला दाखवणे, ही दोन्ही कामे एकाच लढ्याची आहेत. बहिऱ्या झालेल्या दोन तरुणींना जे जमले, ते हजारो शाखा असलेल्या चळवळीला जमावयास हवे.